दूरचित्रवाणीवरील मनाचे प्रयोग आणि शिंगणापूरचे न दिसणारे कुलूप

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेसाठी दर सप्टेंबरमध्ये श्रीरामपूरकडे जाणाऱ्या आपल्या भाविकांना राहुरीचा परिसर चांगला परिचयाचा आहे. तेथून सोनईच्या दिशेने वळले की पुढे शनिशिंगणापूर लागते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, नेवासा तालुक्यातले हे गाव. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, तिला होणारा तेलाचा अभिषेक आणि भोवती दारे नसलेली घरे, अशी या गावाची ओळख आहे. एके काळी ही ओळख पंचक्रोशीपुरती होती. १९९० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या चित्रपटाने ती देशभर नेली आणि पुढे वृत्तवाहिन्यांनी ती घरोघरी पोहोचवली. निवेदक एखाद्या घराच्या रिकाम्या चौकटीत उभा राहतो, कपाटाला कुलूप नाही हे दाखवतो, एखाद्या वृद्ध ग्रामस्थापुढे ध्वनिक्षेपक धरतो. ग्रामस्थ सांगतात की येथे चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतात, चोर आंधळा होतो, त्याला गावाची वेस ओलांडता येत नाही. कार्यक्रम तेथेच संपतो.

वाचकहो, शेजाऱ्याच्या श्रद्धेची टिंगल करणे हा या लेखाचा हेतू नाही आणि तो आपला अधिकारही नाही. शिंगणापूरची आठवण होण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या घरांतील तरुण मुले-मुली आज दूरचित्रवाणी संचावर आणि त्याहून अधिक मोबाईलवर एक निराळ्याच प्रकारचे कार्यक्रम पाहत आहेत. एका सामान्य माणसाला, त्याला काहीही कळू न देता, नटांच्या घोळक्यात सोडायचे, तासाभरात त्याच्यावर असा मानसिक दबाव आणायचा की त्याने चोरी करावी, दुसऱ्याला इजा करावी, प्रसंगी कोणाचा जीवही घ्यावा. आणि हे सारे गुप्त कॅमेऱ्यांनी टिपायचे. मुले आईवडिलांना विचारतात, ‘हे खरे असते का?’ आईवडील बहुधा ‘सगळे नाटक असते’ म्हणून प्रश्न मोडीत काढतात. उत्तर इतके सोपे नाही. ते शोधताना शिंगणापूर फार उपयोगी पडते, कारण केवळ अदृश्य धाकाने हजारो अनोळखी माणसांचे हात आवरता येतात काय, हाच प्रयोग तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि तोही कॅमेऱ्यासमोर मांडला गेला आहे.

या कार्यक्रमांत सर्वांत गाजलेले नाव ब्रिटनच्या डेरेन ब्राउन यांचे. २००६ साली ‘द हाइस्ट’ या कार्यक्रमात त्यांनी प्रतिष्ठित व्यावसायिकांना व्यक्तिमत्त्वविकासाच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली एकत्र आणले. शेवटी निवडलेल्या चौघांपैकी तिघांनी भर रस्त्यात, खेळण्यातले पिस्तूल रोखून, रोकड नेणाऱ्या गाडीच्या रखवालदाराला लुटले. रखवालदार अर्थातच नट होता. २०१६ साली ब्रिटनमध्ये दाखवलेला आणि २०१८ साली ‘द पुश’ या नावाने नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचलेला कार्यक्रम याहून भयंकर होता. एका समारंभात मदतीला आलेल्या साध्या माणसाला आधी एक क्षुल्लक लबाडी करायला लावतात, मग ती झाकण्यासाठी दुसरी, मग तिसरी, आणि अखेर त्याला इमारतीच्या गच्चीवर नेऊन एका वृद्ध गृहस्थाला खाली ढकलण्यास सांगतात. ज्या माणसाची कथा आपण तासभर पाहतो तो नकार देतो. मग शेवटच्या काही मिनिटांत आपल्याला कळते की हाच डाव आणखी तिघांवर खेळला गेला होता आणि त्या तिघांनीही ढकलले.

प्रथम ‘नाटक’ या आरोपाचा विचार करू. माझ्या मते तो टिकत नाही. ब्राउन यांनी ही सामान्य माणसे भाड्याचे नट असल्याचा आरोप वारंवार नाकारला आहे. शिवाय ब्रिटनमधील वाहिन्यांवर ऑफकॉम या नियामक संस्थेची देखरेख असते आणि प्रेक्षकांची अशी उघड फसवणूक वाहिनीला परवडणारी नसते. त्या माणसाचे थरथरणारे हात खरे आहेत, असे धरून चालण्यास माझी हरकत नाही. अडचण पुढे आहे.

‘द पुश’च्या आरंभी एक छोटा प्रसंग दाखवला जातो. उमेदवारांना एका खोलीत बसवतात. तेथे आधीच काही नट बसलेले असतात. घंटा वाजली की नट उठून उभे राहतात, पुन्हा वाजली की बसतात. जो उमेदवार काहीही न विचारता त्यांच्याबरोबर उठू-बसू लागतो तो पुढच्या फेरीसाठी योग्य. जो बसून राहतो तो घरी जातो. म्हणजे गच्चीवर जी चार माणसे पोहोचली ती चाळणीतून गाळून घेतलेली होती, आणि चाळणी नेमकी आज्ञाधारकपणाची होती. चाळणीखाली पडलेले पीठ बारीक आहे म्हणून सारे दळणच बारीक झाले, असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही. कार्यक्रम मात्र तसेच म्हणतो. ही चाळणी कार्यक्रमकर्त्यांनी लपवलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. ती आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेली असते. परंतु तासभराच्या थरारानंतर घंटेचा तो प्रसंग कोणाच्या लक्षात राहतो? आणि चारांपैकी तिघे, या आकड्यावरून संपूर्ण मानवजातीविषयी काही म्हणणे शाळेतील गणिताच्या शिक्षकालाही पटणार नाही.

या घंटेच्या खेळामागे एक जुना आणि आदरणीय प्रयोग आहे. १९५० च्या दशकात सोलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेत महाविद्यालयीन तरुणांना रेघांची लांबी ओळखण्यास सांगितले. भोवतीचे सारे जण, म्हणजे त्यांचे साथीदार, मुद्दाम चुकीचे उत्तर देत. सुमारे तीनचतुर्थांश तरुणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेले नाकारून गर्दीचे उत्तर दिले. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. उरलेल्या सुमारे एकचतुर्थांश तरुणांनी बारा वेळा दबाव येऊनही एकदाही मान तुकवली नाही, हे क्वचितच कोणी सांगते.

त्यानंतरचा प्रयोग स्टॅन्ली मिलग्राम यांचा. १९६१-६२ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी स्मरणशक्तीच्या अभ्यासाच्या नावाखाली सामान्य नागरिकांना बोलावले आणि शेजारच्या खोलीतील माणूस चुकला की त्याला विजेचा झटका देण्यास सांगितले. झटके खोटे होते, ओरडणारा माणूस साथीदार होता. प्रयोगाच्या सर्वपरिचित प्रकारात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. हा आकडा आपल्या महाविद्यालयांतही शिकवला जातो. परंतु मिलग्राम यांनी हा प्रयोग वीसहून अधिक प्रकारांनी केला होता. आज्ञा देणारा खोलीबाहेर गेला, किंवा शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी नकार दिला, की बहुसंख्य लोक थांबत असत. ऑस्ट्रेलियाच्या जिना पेरी यांनी २०१२ साली जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासून दाखवले की सहभागी झालेल्यांपैकी अनेकांना मुळात हे झटके खरे आहेत की नाहीत याचीच शंका होती. म्हणजे प्रयोगशाळेतही पडद्यामागे काही राहते. फरक एवढाच की तेथे कागद जपून ठेवलेले असतात आणि पन्नास वर्षांनी का होईना, कोणीतरी ते उघडून पाहू शकते.

दूरचित्रवाणीवर झाले म्हणून सारेच टाकाऊ, असेही नाही. येशूसंघाच्या सांता क्लारा विद्यापीठातील जेरी बर्गर यांनी एबीसी या अमेरिकन वाहिनीच्या सहकार्याने मिलग्राम यांचा प्रयोग पुन्हा केला आणि तो जानेवारी २००७ मध्ये प्रसारित झाला. मनाने दुबळ्या किंवा आजारी व्यक्तींना त्यांनी आधीच वगळले, सहभागी झालेल्यांना केव्हाही निघून जाता येईल असे तीनदा सांगितले आणि १५० व्होल्टला प्रयोग थांबवला. ७० टक्के लोक त्या मर्यादेपलीकडे जाण्यास तयार होते. २००९ साली हे सारे संशोधनपत्रिकेत छापून आले: किती जणांना बोलावले, किती वगळले, का वगळले. हा कार्यक्रम मी विश्वासार्ह मानतो आणि त्याचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे.

फ्रान्समध्ये मार्च २०१० मध्ये सरकारी वाहिनीने ‘मृत्यूचा खेळ’ या नावाचा कार्यक्रम दाखवला. ८० जणांना नव्या प्रश्नमंजुषेचा सराव म्हणून बोलावले होते. शास्त्रज्ञाच्या जागी निवेदिका होती आणि भोवती ‘शिक्षा करा’ म्हणून ओरडणारे प्रेक्षक. दर पाचांपैकी सुमारे चार जण शेवटच्या कळीपर्यंत गेले. येथे आकडा चारांचा नाही, ऐंशींचा आहे. म्हणून त्याला अधिक वजन आहे. तरीही एक शंका राहतेच. झगमगत्या दालनात, कॅमेऱ्यांसमोर बसलेला माणूस मनातल्या मनात म्हणत नसेल काय, की दूरचित्रवाणीवर कोणाला खरोखर मरू देणार नाहीत? हाताने कळ दाबली हे दिसते. कळ दाबताना मन काय मानत होते, ते कॅमेऱ्यात येत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९७१ सालच्या कारागृह-प्रयोगाची कथाही अशीच. साधे विद्यार्थी पहारेकरी झाले आणि आपोआप क्रूर बनले, असे आपण वाचले होते. प्रयोग दोन आठवड्यांचा होता, तो सहा दिवसांत थांबवावा लागला. पुढे उजेडात आलेल्या ध्वनिफितीत पहारेकऱ्याला अधिक कठोर होण्याविषयी समजावले जात असल्याचे ऐकू येते. ‘आपोआप’ हा शब्द तेथे गळून पडतो. बीबीसीने दोन मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली असेच कारागृह उभारले तेव्हा पहारेकरी सत्ता वापरण्यास बिचकले आणि कैदी एकजूट झाले.

आपल्याकडेही हे लोण आले. २००९ साली ‘सच का सामना’ या हिंदी कार्यक्रमात सामान्य माणसाला पत्नी, मुले आणि आईवडिलांसमोर खासगी आयुष्यातील प्रश्न विचारले जात आणि उत्तर खरे की खोटे हे यंत्र ठरवत असे. संसदेत त्यावर गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, मे २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशी यंत्रचाचणी कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाही असा निर्णय दिला आणि तिच्या विश्वासार्हतेच्या मर्यादाही नोंदवल्या. ज्या यंत्राविषयी न्यायालय इतके सावध, त्याच्या दिव्यावर वाहिनीने संसार तोलले होते. त्याच सुमारास तरुणांच्या एका वाहिनीवर गुप्त कॅमेरा लावून जोडीदाराच्या निष्ठेची परीक्षा घेणारा कार्यक्रमही लोकप्रिय होता. त्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

भारतीय दूरचित्रवाणीवरचा सर्वांत बोलका प्रयोग मात्र ३ मार्च २००८ रोजी झाला. मंत्राने तीन मिनिटांत माणूस मारून दाखवतो असा दावा करणाऱ्या एका तांत्रिकाला बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी इंडिया टीव्हीवर आव्हान दिले. तीन मिनिटांचे काही तास झाले, रात्री उघड्यावर होम झाला, आणि एडामारुकू हसत बसून राहिले. देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. पण शांतपणे पाहिले तर या प्रयोगाने काय सिद्ध झाले? मंत्रावर यत्किंचितही विश्वास नसलेला माणूस मंत्राने मरत नाही, एवढेच. ज्याचा विश्वास आहे, ज्याला वस्तीतल्या कोणीतरी ‘तुझ्यावर करणी केली आहे’ असे सांगितले आहे, जो त्या रात्रीपासून जेवलेला आणि झोपलेला नाही, त्याच्यावर काय परिणाम होतो, हे तेथे तपासले गेलेच नाही. भयाने माणूस खंगतो, हे वैद्यकशास्त्र नाकारत नाही. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली यावर निबंध लिहिला होता. आपल्या धर्मगुरूंकडे आणि धर्मभगिनींच्या दवाखान्यांकडे अशी माणसे आजही येतात. वाहिनीच्या दालनात ती कधी येत नाहीत.

भय आणि विश्वास यांचा हा धागा घेऊन पुन्हा शिंगणापूरला जाऊ.

जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने या गावात शाखा उघडली. देशातील पहिली बिनकुलपाची बँक म्हणून तिची छायाचित्रे सर्वत्र छापली गेली. ग्रामस्थांच्या भावनेचा मान राखून दर्शनी भागाला काचेचे पारदर्शक दार बसवले होते. तथापि त्याच दारात दूरनियंत्रकाने चालणारे, सहजी दृष्टीस न पडणारे विद्युत्‌चुंबकीय कुलूपही होते. बँकेने काही अयोग्य केले असे मला वाटत नाही. ठेवीदारांच्या पैशाचे रक्षण हे तिचे कर्तव्य आणि गावाचा मान राखणे हे तिचे सौजन्य. पण दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते ‘बिनकुलपाची बँक’ एवढेच. कुलूप आहे आणि ते दिसत नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

घरांचेही तसेच. चौकटींना फळ्यांची दारे नाहीत हे खरे. मात्र रात्री भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून काही घरांत चौकटीला सुटी फळी टेकवून ठेवतात, असे तेथे गेलेल्या पत्रकारांनी लिहिले आहे. २०१० साली एका पर्यटकाने आपल्या वाहनातून रोकड आणि मौल्यवान वस्तू मिळून ३५ हजार रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार केली आणि २०११ साली सुमारे ७० हजार रुपयांचे दागिने चोरीस गेल्याचे वृत्त आले. हे प्रकार गावाच्या हद्दीबाहेर घडले, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. या गोष्टी गुप्त नाहीत, वृत्तपत्रांत आल्या आहेत. दारे नसलेल्या घरांच्या चित्रीकरणात त्या बसत नाहीत, म्हणून वगळल्या जातात.

मग शिंगणापूरची कथा खोटी काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. बिनदाराच्या घरात आयुष्य काढणारी कुटुंबे तेथे खरोखर आहेत, आणि तेथे चोऱ्या कमी होतात याबद्दल शंका घेण्याचे कारण दिसत नाही. प्रश्न कारणाचा आहे. गाव लहान, प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखणारा. परका माणूस गल्लीत शिरला की दहा नजरा त्याच्यावर. दार नाही म्हणून घरात कोणीतरी असण्याची सवय. आणि या सर्वांवर गावाची प्रतिष्ठा जपण्याची प्रत्येकाची इच्छा, कारण त्या प्रतिष्ठेवर यात्रेकरू येतात आणि यात्रेकरूंवर दुकाने चालतात. या साऱ्यात शनिदेवाच्या धाकाचा वाटा किती, हे कोणता कॅमेरा वेगळे काढून दाखवणार? महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने एके काळी ‘चला शिंगणापूरला, चोरी करायला’ अशी हाक देऊन हाच प्रश्न उघडपणे मांडला होता. घोषणा अनेकांना झोंबली. मलाही ती फारशी रुचलेली नव्हती. पण दावा केला की त्याची परीक्षा होऊ द्यावी लागते, हा तिच्यामागचा विचार चुकीचा म्हणता येत नाही.

याच गावात दुसरा एक प्रयोग घडला आणि तो कोणीही प्रयोग म्हणून योजलेला नव्हता. स्त्रियांनी चौथऱ्यावर चढू नये, अशी शेकडो वर्षांची समजूत होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी २००० साली त्याविरुद्ध आंदोलन केले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी सुरक्षाकडे चुकवून चौथऱ्यावर गेली; नंतर शिळेला दुग्धाभिषेक करून शुद्धी करण्यात आली आणि काही कर्मचारी निलंबित झाले. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या शेकडो स्त्रियांना सुपे येथेच अडवण्यात आले. साऱ्या वाहिन्या त्या रस्त्यावर उभ्या होत्या. एप्रिलच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने पूजास्थळी प्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असून त्याचे रक्षण करणे शासनाचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. स्त्रिया वर गेल्या, त्यांनी तेल वाहिले आणि त्या खाली आल्या. भाकीत केलेले अरिष्ट आले नाही. त्यानंतरच्या साध्या दिवसांत चौथऱ्यावर गेलेल्या, किंवा मुभा असूनही परंपरेचा मान म्हणून खालूनच नमस्कार करून परतलेल्या स्त्रियांच्या मनाविषयी मात्र एकाही वाहिनीने तासभराचा कार्यक्रम केलेला माझ्या पाहण्यात नाही. मनाविषयी काही शिकायचे असेल तर ते तेथे होते.

हे लिहिताना आपल्या अंगणाकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या इर्ला भागातील वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रुसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक जमले, प्रार्थना झाल्या, ते पाणी तीर्थ म्हणून घरी नेले गेले. एका वाहिनीने त्याच सनल एडामारुकू यांना बोलावले. त्यांनी पाहणी करून सांगितले की जवळच्या सांडपाण्याची वाट तुंबली आहे आणि केशाकर्षणाने पाणी भिंतीतून क्रुसापर्यंत चढले आहे. त्यावर आपल्यातील काही संघटनांनी धार्मिक भावना दुखावल्याची फौजदारी तक्रार केली आणि अटकेच्या शक्यतेमुळे त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. वाहिनीवरील चर्चेत त्यांनी ख्रिस्तसभेविषयी वापरलेली भाषा मला मान्य नाही. परंतु तुंबलेल्या नळीच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा एखादा प्लंबर बोलावणे स्वस्त आणि सोपे होते. शिंगणापूरच्या ग्रामस्थांना उपदेश करण्यापूर्वी इर्ला आठवलेले बरे.

ख्रिस्तसभेची अधिकृत रीत याहून पुष्कळ सावध आहे. लुर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीची व्यवस्था आहे. बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तेथे नोंदवले गेले. त्यांतील सुमारे सत्तरच चमत्कार म्हणून मान्य झाले. महत्त्वाचे हे की न टिकलेले हजारो दावेही मोजले गेले. मे २०२४ मध्ये परमधर्मपीठाच्या श्रद्धाविषयक विभागाने नवे नियम जाहीर केले. त्यानुसार बिशपांसमोर निष्कर्षाचे सहा पर्याय ठेवले असून, एखादी घटना अलौकिक आहे अशी घोषणा सर्वसाधारणपणे केली जाणार नाही. घाईने ‘होय’ म्हणू नये, हे त्यातील सूत्र आहे. गच्चीवरच्या चौघांविषयी ऐकतानाही मला हेच हवे असते: घरी पाठवलेले किती होते, मध्येच संशय येऊन बाहेर पडलेले किती, ज्यांचे चित्रीकरण फसले ते किती. कार्यक्रमात हे सहसा नसते.

यात खरोखर काय पणाला लागले आहे, असे कोणी विचारील. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीविषयीची आपली समजूत. ‘योग्य तेवढा दबाव आणला की तुम्हीही खून कराल’ असे वाक्य सोळा वर्षांच्या मुलाने शंभरदा ऐकले, तर त्यातून त्याला सावधपणा येईल की सबब सापडेल? मुलांशी या विषयावर बोलणाऱ्या शिक्षकांना दोन्ही प्रकारची मुले भेटत असणार. क्षुल्लक लबाडीपासून पायरीपायरीने माणूस घसरतो, हे दूरचित्रवाणीने शोधून काढलेले नाही. पापस्वीकाराच्या तयारीत आपल्या आजी-आजोबांनी हेच शिकवले होते. या कार्यक्रमांतील तेवढा भाग मी निःशंकपणे खरा मानतो. कार्यालयात वरिष्ठाच्या सांगण्यावरून केलेली पहिली खोटी सही ज्याने पाहिली आहे त्याला त्यासाठी प्रयोगाची गरज नाही. जो भाग मी मानत नाही तो त्यापुढचा: की घसरण अटळ आहे आणि तासाभरात कोणाचीही होते. अ‍ॅश यांचा एकचतुर्थांश, मिलग्राम यांच्या ४० पैकी १४ आणि गच्चीवरून मागे फिरलेला तो एक जण त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. ‘द पुश’ ज्याच्यावर बेतला, त्याने स्वतःच नकार दिला, हे मुलांबरोबर पाहताना त्यांना विचारावे: तो का थांबला असेल?

आणि ज्यांनी ढकलले त्या तिघांचे काय? कार्यक्रमानंतर त्यांना सांगण्यात आले की म्हातारा सुखरूप आहे. पण आपण ढकलले हे त्यांना आता आयुष्यभर ठाऊक राहणार. संमती आधी घेतली होती असे म्हणतात. ज्याला काय होणार हेच माहीत नाही त्याने दिलेली ती संमती. हाच प्रश्न मिलग्राम यांनाही विचारला गेला होता आणि त्यातूनच विद्यापीठांत मानवी प्रयोगांवरचे निर्बंध कडक झाले. बर्गर यांनी १५० व्होल्टला थांबणे हा त्याचाच परिणाम. करमणुकीला मात्र तशी परवानगी कोणाकडून घ्यावी लागत नाही.

शिंगणापूर २०२५ साली पुन्हा बातम्यांत आले, ते वेगळ्याच कारणाने. देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप आणि संकेतस्थळे काढून ऑनलाइन पूजेच्या निमित्ताने दूरदूरच्या भाविकांकडून पैसे उकळल्याचा आरोप झाला. प्रकरण विधानसभेत गाजले आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास हाती घेतला. पैसे देणाऱ्यांनी गाव पाहिले असेल ते बहुधा पडद्यावरच: उघड्या चौकटी, काळी शिळा, तेलाची धार. अ‍ॅपवरही तेच छायाचित्र असेल तर त्यांनी संशय तरी कशाचा घ्यावा?